निन्के काय म्हणाली

सोमवार, ३ मार्च

गोस्सेने सकाळी बोलावून घेतलं. मी खुर्चीत बसायच्या आतच म्हणाला, "वित्स्के, जूनच्या आत तुझ्या टीमसाठी एकच सॉफ्टवेअर निवड. एकच. मला आता हा पसारा बघवत नाही."

साहेबाचं बरोबर आहे. आमची कामांची यादी एका ठिकाणी, गप्पा दुसऱ्या ठिकाणी, निर्णय ईमेलमध्ये पुरलेले आणि सगळ्यात महत्त्वाचं ते रिन्कच्या वहीत. रिन्क टेर्सखेलिंग बेटावर राहतो आणि फक्त गुरुवारी बोटीने ऑफिसात येतो, म्हणजे वहीही गुरुवारीच येते. आमच्या सॉफ्टवेअरच्या जोरावर पूलवाले एका खोलीत बसून चाळीस किलोमीटरवरचा पूल उघडतात, बोट सोडतात, बंद करतात. आणि आम्ही चौघं मात्र एकमेकांना विचारत फिरतो, "ते कुठे लिहिलं होतं रे?"

गोस्सेने आणखीही काही सांगितलं, पण दाढी वाढवल्यापासून तो तोंडातल्या तोंडात बोलतो. मी मान डोलावली. महत्त्वाचं असेल तर लिहून पाठवेलच.

चोपन्नाव्या वर्षी कोणीतरी विश्वासाने काम सोपवतं, याचं मला खरंच बरं वाटलं. निर्णय कसा झाला हे नंतर नीट आठवावं म्हणून ही वही.

गुरुवार, ६ मार्च

लाज वाटावी असा प्रकार झाला. मंगळवारच्या कॉलवर रिन्कने सांगितलं होतं की फाटक खाली यायच्या आधी दिवा पन्नास सेकंद लुकलुकायला हवा. मी पंधरा लिहिलं. आमच्या भाषेत पंधरा आणि पन्नास हे शब्द शेवटच्या अक्षरापुरतेच वेगळे, त्यात कॉलवरचा आवाज. आज टीममधल्या निन्केने चाचणी चालवली तर फाटक धाडकन खाली. टेबलावरचा खोटा पूल होता म्हणून बरं. खऱ्या पुलावर एखादा सायकलवाला असता तर?

मी तिला म्हटलं, "अगं, तुला त्याच वेळी शंका आली होती तर कॉलवर बोलायचं ना."

ती म्हणाली, "बोलले होते."

मी नुसतं तिच्याकडे बघितलं. सव्वीस वर्षांची आहे. आपण गप्प बसलो हे कबूल करणं या वयात जड जातं.

पण यातून एक कळलं. नवीन सॉफ्टवेअरमध्ये सगळं लिहिलेलं हवं. तोंडी काही नको. ही माझी पहिली अट. ती मला चुकीतून मिळाली, तर त्या चुकीचेही आभार.

बुधवार, १२ मार्च

तीन उमेदवार ठरले. नावं घेऊन उगाच भांडणं होतात, म्हणून त्यांच्या चिन्हांच्या रंगांवरून आम्ही त्यांना निळं, केशरी आणि हिरवं म्हणतो. निळं सगळे वापरतात. केशरी आमच्यातल्या येल्मरचं लाडकं. हिरवं निन्केने सुचवलं. ते कुठल्याशा छोट्या कंपनीचं आहे आणि दिसायला सरकारी अर्जासारखं. प्रत्येकी दोन आठवडे वापरून बघायचं.

निळ्यापासून सुरुवात. कॉल चांगला चालतो, पण सगळे कॅमेरा बंद करून बसतात. मी सांगून टाकलं, कॅमेरा चालू ठेवायचा, चेहरा दिसला पाहिजे.

येल्मर म्हणाला, "वित्स्केबाई, मी अजून पायजम्यात आहे."

"पायजमा खाली असतो, चेहरा वर."

सगळे हसले. शिस्त लागली. चेहरे दिसायला लागल्यावर मीटिंग एकदम सोपी झाली.

रविवार, २३ मार्च

माझ्या नवऱ्याच्या, डाउवेच्या भावाचा वाढदिवस. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे खुर्च्यांचं रिंगण, मांडीवर केकची बशी, आणि प्रत्येकाने प्रत्येकाचं अभिनंदन केलेलं. चौदा माणसं एकदम बोलतात. सगळे हसले की मीही हसले. घरी येऊन पाच वाजताच आडवी झाले. माझे बाबाही असेच कोपऱ्यात बसून गोड हसत असायचे आणि आम्ही पोरं त्यांच्या पाठीमागे काहीबाही बोलून खिदळायचो. ते फार शांत माणूस होते.

डाउवे संध्याकाळी टीव्हीचा आवाज सारखा कमी करत होता. वयानुसार त्याचे कान हळवे झालेत. मी भांडले नाही. त्याने मटाराचं सूप केलं होतं, चमचा उभा राहील असं. अशा माणसाशी कशाला भांडायचं?

बुधवार, २ एप्रिल

केशरी सुरू होऊन आठवडा झाला. यात बोलण्याची खोली दिवसभर उघडी असते. कोणीही केव्हाही बोलावं, बाकीच्यांनी हेडसेट कानाला लावून काम करत राहावं. येल्मर खूश. "जणू एकाच टेबलाशी बसलोय," म्हणतो.

मला मात्र कानात मधमाश्यांचं पोळं लावल्यासारखं वाटतं. हेडसेट बदलला. हा वर्षातला तिसरा. आजकाल कोणी धड हेडसेट बनवतच नाही. चार वाजेपर्यंत डोकं इतकं दुखतं की पडद्यावरची अक्षरं नाचतात.

येल्मरला मी प्रामाणिकपणे सांगितलं, "तुझं केशरी तरुणांसाठी आहे."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "कॉफी आणू तुला?" आणि आणलीही. वर चॉकलेटचा तुकडा. गुणी मुलगा आहे.

गुरुवार, १० एप्रिल

या टीमला हल्ली काय झालंय कळत नाही. निन्केने तिचं टेबल उचलून माझ्यासमोर आणलं. म्हणते, उजेड चांगला आहे. उजेड तर आधीच्या जागी जास्त होता. येल्मरला काही विचारायचं असलं की पूर्वी तो मागूनच ओरडायचा, आता पोलिसासारखा समोर येऊन उभा राहतो आणि मी मान वर करेपर्यंत तोंड उघडत नाही. आणि रिन्क बोलायच्या आधी टेबलावर दोनदा टकटक करतो, न्यायाधीश असल्यासारखा. एकसष्ट वर्षं झाली, माणसाला सवयी लागतात.

पण वातावरण छान आहे. गेल्या वर्षापेक्षा कितीतरी छान. मी नशीबवान आहे.

मंगळवार, १५ एप्रिल

निन्केचा वार्षिक अहवाल लिहिला. तिचा एक वर्षाचा करार ३० जूनला संपतो. पुढे ठेवायचं की नाही हे मे संपायच्या आत तिला कळवावं लागतं. गोस्से माझ्या शब्दावर जाणार.

मला कठीण गेलं. तिचा कोड स्वच्छ असतो, चाचण्या तर माझ्यापेक्षा चांगल्या लिहिते. पण मीटिंगमध्ये ती नसल्यासारखी असते. ओठ हलतात, पुटपुटते, संपलं. पुलांच्या कामात वेळेवर तोंड उघडणारं माणूस हवं. सहा मार्चची गोष्ट मी विसरू शकत नाही. मी लिहिलं, "काम उत्तम. चर्चेत सहभाग नाही. करार वाढवण्याची शिफारस करू शकत नाही."

पाठवून दिलं आणि खिडकीशी बराच वेळ उभी राहिले. मुलीला मनापासून चांगली नोकरी मिळो.

मंगळवार, २२ एप्रिल

ईस्टरची सुट्टी संपली, हिरवं सुरू झालं. दिसायला कुरूपच. पण प्रत्येक कामाखाली त्याची चर्चा, चर्चेखाली निर्णय, निर्णयाशेजारी कोड. सगळं लेखी आणि जागच्या जागी. रिन्कने त्याची वही दोन दिवस बसून आत उतरवली. मी त्याला चिमटा काढला, "आता बोट बुडाली तरी चालेल."

"वही वाचेल, मी बुडेन," तो म्हणाला. "तुला काळजी कोणाची आहे ते कळलं."

यात कॉलवरचं बोलणं आपोआप लिहिलं जाण्याचीही सोय आहे म्हणे, बोलणाऱ्याच्या नावासकट. पण लोकांचं बोलणं साठवायला कंपनीच्या गोपनीयता अधिकाऱ्याची परवानगी लागते. ती यायला महिना लागेल. मला त्याचं विशेष नाही. निन्के मात्र त्यासाठी रोज अधिकाऱ्याच्या मागे लागलीय. एवढी चिकाटी मीटिंगमध्ये दाखवली असती तर!

गुरुवार, ८ मे

मतदान झालं. मी सात पानांचं टिपण वाटलं होतं, प्रत्येक रंगाचे गुणदोष मांडून. मला वाटलं होतं रिन्क माझ्या बाजूने, येल्मर केशरीला, निन्के कुंपणावर. चिठ्ठ्या उघडल्या तर चारही हिरव्या!

"येल्मर, तूसुद्धा?"

"टिपण फार पटलं," तो म्हणाला, जमिनीकडे बघत.

तीस वर्षं मी लोकांना पटवायचा प्रयत्न करतेय, आणि पहिल्यांदाच सगळे एकदम पटले. घरी येऊन डाउवेला टिपणातला शेवटचा परिच्छेद वाचून दाखवला. तो म्हणाला, "चांगली माणसं आहेत तुझी."

मी म्हटलं, "टिपण चांगलं होतं."

"तेही," तो म्हणाला.

सोमवार, १२ मे

गोस्सेने पुन्हा विचारलं, निन्केबद्दल ठाम आहेस ना? मी हो म्हटलं. पत्र सव्वीस तारखेला जाईल.

गुरुवार, २२ मे

आजचं आजच लिहून ठेवते.

परवानगी काल आली. आज रिन्कची बोट वादळाने रद्द झाली म्हणून आम्ही सगळे घरून कॉलवर होतो. निन्केने बोलणं लिहून घ्यायची ती सोय चालू केली. बोलणं सुरू झालं आणि चेहऱ्यांच्या खाली अक्षरं उमटायला लागली. आधी गंमत वाटली. फाटकाचं सॉफ्टवेअरने कपाट केलं, रिन्कच्या शिंकेचं एक अख्खं वाक्य केलं.

मग मी बघितलं, खाली नाव येतंय. निन्के. पुन्हा निन्के. निन्के, निन्के.

ती बोलत होती. ओठ हलत होते तसेच, नेहमीसारखे, आणि माझ्या हेडसेटमध्ये पाण्याखालची कुजबुज येत होती. पण खाली पूर्ण, ठाम वाक्यं होती. "दुसऱ्या पुलाचा सेन्सर वारा असताना खोटा इशारा देतो, मी गेल्या गुरुवारीही म्हटलं होतं." येल्मर त्यावर उत्तर देत होता. रिन्क म्हणत होता, बरोबर आहे तिचं. सगळे ऐकत होते. फक्त मी अक्षरं वाचत होते.

मी सवयीने म्हटलं, "ठीक, मग पुढे जाऊ." माझं वाक्य खाली उमटलं. त्याच्या बरोबर वर होतं: "निन्के: वित्स्के, मी हे परत सांगू का?"

ते मला ऐकूच आलं नव्हतं. तिने विचारलं होतं आणि मी तिच्या तोंडावर पुढे निघून गेले होते.

मी म्हटलं, माझं नेट गेलं, आणि कॉल बंद केला. खोटं.

नंतर सगळी नोंद कागदावर छापून वाचली. तासाभराच्या मीटिंगमध्ये निन्के रिन्कपेक्षा जास्त बोलली होती. मी स्वयंपाकघरात डाउवेसमोर कागद ठेवला आणि विचारलं, "टीव्हीचा आवाज तू कमी करतोस, तेव्हा तो खरंच फार मोठा असतो?"

तो कांदा चिरत होता. सुरी खाली ठेवली, माझ्यासमोर येऊन उभा राहिला, अगदी येल्मर उभा राहतो तसा, आणि म्हणाला, "शेजारचे विचारतात, तुमच्याकडे कोण आलंय."

मग आम्ही दोघं हसलो आणि मग मी रडले. तीन वर्षांपासून सांगत होतो म्हणाला. सांगायचा. आणि मी म्हणायचे, तू पुटपुटतोस.

रिन्कला मेसेज केला. तुला केव्हापासून माहीत आहे?

त्याने लिहिलं, "दोन वर्षं. बोटीच्या धक्क्यावर तुला म्हटलं होतं, कान तपासून घे. तू म्हणालीस, आधी तू गुडघे तपास. मग मी टकटक करायला लागलो."

शुक्रवार, २३ मे

आठ वाजता गोस्सेच्या दारात होते. उभ्यानेच सांगितलं, "निन्केचा अहवाल खोटा आहे. ती गप्प नव्हती. मी बहिरी आहे."

असा शब्द मी स्वतःबद्दल पहिल्यांदा वापरला. त्याने छप्पर कोसळलं नाही.

गोस्सेने खुर्ची मागे सरकवली. काहीतरी बोललाही, पण मला ऐकू आलं नाही, दाढी. मी म्हटलं, "मोठ्याने." तेव्हा तो म्हणाला, "पत्र थांबवतो. पण तिने तो अहवाल वाचलाय वित्स्के. एप्रिलमध्येच. तसा नियमच आहे."

एप्रिलमध्ये! म्हणजे चिठ्ठी टाकताना तिला माहीत होतं. परवानगीसाठी रोज धावत होती तेव्हा माहीत होतं.

मी तिला बाहेर कालव्याच्या कडेला नेलं. तिला वाऱ्याकडे पाठ करून उभं केलं, म्हणजे मला चेहरा दिसेल. मी जे काही जुळवून आणलं होतं ते सगळं विसरले आणि म्हटलं, "मी तुझं वाईट केलं."

"हो," ती म्हणाली.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं. सहा मार्चला. मी म्हटलं, बोलले होते. तू माझ्याकडे खोटारड्या पोरीकडे बघावं तसं बघितलंस." तिचा चेहरा लाल झाला होता. "मग मी नाही सांगितलं. मला राग आला होता. अजूनही आहे."

"तरी हिरवं सुचवलंस. माझ्यासाठी एवढं..."

"तुझ्यासाठी नाही." तिने मान हलवली. "माझ्यासाठी. मला ऐकू जायचं होतं. दुसरा कुठलाही मार्ग मला सुचला नाही."

एक बोट गेली. आम्ही दोघी तिच्याकडे बघत राहिलो. मग ती म्हणाली, "तू माझ्या कोडवर जे शेरे लिहितेस ना, तसे कोणी लिहीत नाही. लिहिताना तू माझं सगळं ऐकतेस. म्हणून वाटलं, एकदा अक्षरं समोर आली की जमेल."

मी अहवाल पुन्हा लिहायची तयारी दाखवली.

"तू नको," ती म्हणाली. "रिन्कला लिहू दे."

बरोबर आहे. लागलं, पण बरोबर आहे.

मंगळवार, २७ मे

कानाच्या डॉक्टरांनी आलेख दाखवला. खालचे सूर ठीक. वरचे, कड्यावरून दरीत पडावेत तसे. बायकांचे, मुलांचे आवाज त्या दरीत. रिन्कचा जाडाभरडा आवाज काठावर उभा. म्हणून मला वाटत होतं, टीममध्ये एकटा रिन्कच शहाणपणाचं बोलतो!

दुपारी येल्मरला गाठलं. "टिपण फार पटलं होतं ना रे?"

तो कानापर्यंत लाल झाला. "पहिली दोन पानं वाचली होती. देवाशप्पथ."

"आणि केशरी? तुझं लाडकं?"

"रोज चार वाजता तुझा चेहरा बघायचो. दिवसभर वाऱ्याविरुद्ध सायकल चालवून आलेल्या माणसासारखा. असलं सॉफ्टवेअर काय करायचंय?" मग लगेच, "पण बाई, हिरवं खरंच कुरूप आहे. एवढं तरी लिहून ठेव कुठेतरी."

लिहून ठेवलं.

मी या माणसांना कित्येकदा मुखदुर्बळ, विक्षिप्त ठरवलंय, याच वहीत. मागची पानं चाळली. चॉकलेटचा तुकडा, हललेलं टेबल, टकटक. सगळं मीच माझ्या हाताने लिहिलंय आणि एकही ओळ मला कळली नव्हती. खोडणार नाही. राहू दे.

मंगळवार, ३ जून

यंत्रं कानात बसली. वाईट आहेत. कागद दुमडला की गोळी सुटल्यासारखं होतं, बशा एकमेकींवर किंचाळतात. डाउवेला म्हटलं, तू एवढ्या मोठ्याने जेवतोस? तो म्हणाला, एकतीस वर्षं. सवय व्हायला तीन महिने लागतात. तोवर अक्षरं आहेतच.

बाबांची फार आठवण येते. ते शांत नव्हते. त्यांना कोणी परत सांगितलंच नव्हतं.

सोमवार, ९ जून

व्हिटसनची, ईस्टरनंतरच्या सणाची सुट्टी. निन्केचा मेसेज आला. रिन्कचा अहवाल मिळाला, गोस्सेने कायमचा करार देऊ केला. तिला ग्रोनिंगन शहरातल्या एका कंपनीचंही बोलावणं आहे. तिने लिहिलंय, "कायमचं नको. एक वर्ष थांबते. मग बघू."

मला कायमचं हवं होतं. पण एक वर्ष ही तिने दिलेली गोष्ट आहे, माझ्या हक्काची नाही. मी लिहिलं, "आभार." त्यावर आणखी चार ओळी लिहिल्या होत्या, त्या पुसल्या.

गुरुवार, १२ जून

आज सगळे ऑफिसात होते. रिन्कने बेटावरून क्रॅनबेरीचा केक आणला. बाकी सगळं बंद करून फक्त हिरव्यावर पहिला आठवडा झाला आणि काहीच हरवलं नाही, म्हणून केक. बैठकीच्या खोलीत मोठ्या पडद्यावर अक्षरं चालू होती, पण मध्येच पडदा काळा झाला. येल्मरच्या पायात वायर अडकली होती.

निन्के तेव्हा बोलत होती. दुसऱ्या पुलाबद्दल काहीतरी, महत्त्वाचं, कारण रिन्कने चमचा खाली ठेवला. मला तुकडे ऐकू आले. सेन्सर. शनिवार. मधलं गेलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझी मान हलायला निघाली होती, कित्येक वर्षांची सवय. चेहऱ्यावर हसूही आलं होतं, तयार, गोड.

मी म्हटलं, "ऐकू नाही आलं मला. परत सांगतेस?"

निन्केने खुर्ची माझ्याकडे वळवली आणि पहिल्यापासून सांगितलं.